भाड्याचं मशीन आपलं कधी होतं? अमेरिकेत विमा बदलण्याआधी एवढं वाचा

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून अब्बांना डॉक्टरांनी सीपॅप मशीन लिहून दिलं. सप्लायरचा माणूस घरी आला, मशीन लावून दिलं, चार कागदांवर सह्या घेतल्या आणि गेला. दर महिन्याला थोडे थोडे डॉलर जात राहिले. अकरा महिने झाले आणि मुलाने हप्ता कमी आहे म्हणून विम्याचा प्लॅन बदलला. जानेवारी उजाडला आणि सप्लायरचा फोन आला, "मशीन परत करा, नाहीतर किंमत भरा." घरात एकच प्रश्न, "अरे, वर्षभर पैसे भरले ना आपण? मग मशीन आपलं नाही का?"

कोकणातून, मराठवाड्यातून, मुंबई-पुण्यातून मुलं अमेरिकेत गेली, तिकडेच स्थिरावली आणि मग आई-वडिलांनाही बोलावून घेतलं, अशी कितीतरी घरं आपल्या ओळखीत आहेत. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिलेल्या, ६५ वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला ठराविक हप्ता भरून तिकडच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये नाव नोंदवता येतं. वय झालं की घरात सीपॅप येतं, ऑक्सिजनचं मशीन येतं, हॉस्पिटलचा पलंग येतो, व्हीलचेअर येते. यातलं बरंच काही भाड्याने आलेलं असतं. ते नेमकं कोणाचं, हे मात्र विमा बदलल्यावरच कळतं. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

थोडक्यात उत्तर

भाड्याने आलेलं मशीन, मोजणीचे महिने पूर्ण होईपर्यंत सप्लायरचंच असतं. ते आपल्याकडे अमानत आहे असं समजा. आणि दोन गोष्टी कधी एक समजू नका. सप्लायर बदलला तर महिन्यांची मोजणी पुढे चालू राहते. विमा बदलला तर मोजणी बहुतेक वेळा शून्यापासून सुरू होते. सारा गोंधळ या एका फरकामुळे होतो.

आधी मेडिकेअरचे दोन रस्ते समजून घ्या

पहिला रस्ता म्हणजे ओरिजिनल मेडिकेअर. हा थेट सरकारचा विमा. घरी वापरायची उपकरणं त्याच्या 'पार्ट बी' मध्ये येतात. वर्षाच्या सुरुवातीला एक ठराविक रक्कम आपल्या खिशातून भरावी लागते, तिला डिडक्टिबल म्हणतात. २०२५ साली ती २५७ डॉलर होती. त्यानंतर मंजूर रकमेच्या ८० टक्के मेडिकेअर देतं आणि २० टक्के आपण. या २० टक्क्यांसाठी काही लोक मेडिगॅप नावाचा जोड विमा घेतात.

दुसरा रस्ता म्हणजे मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज. इथे सरकारच्या वतीने खासगी कंपनी विमा चालवते. हप्ता कमी असतो, दात-चष्म्याचे फायदे दाखवले जातात, पण डॉक्टर, हॉस्पिटल आणि सप्लायर सहसा कंपनीच्या यादीतलेच घ्यावे लागतात. नियमही कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असतात.

दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात लोकांना एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाता येतं. बदल १ जानेवारीपासून लागू होतो. याच काळात टीव्हीवर जाहिरातींचा आणि घरी फोनचा पाऊस पडतो. एजंट हप्त्याबद्दल भरभरून बोलतो. पलंगाशेजारी ठेवलेल्या मशीनचं पुढे काय, हे विचारल्याशिवाय तो सहसा सांगत नाही.

तेरा महिन्यांचा हिशेब

ओरिजिनल मेडिकेअरमध्ये सीपॅप, साधी व्हीलचेअर, हॉस्पिटलचा पलंग, नेब्युलायझर अशा वस्तू एका खास गटात येतात. त्या लगेच विकत मिळत नाहीत. मेडिकेअर सलग १३ महिने भाडं देतं आणि तेरावा महिना संपला की सप्लायरने मशीनची मालकी रुग्णाच्या नावावर करायची असते. सप्लायर मेहरबानी म्हणून हे करत नाही, तो कायदा आहे. १ जानेवारी २००६ पासून भाडं सुरू झालेल्या वस्तूंना तो लागू आहे. त्याआधी मशीन भाड्यावरच ठेवायचं की विकत घ्यायचं, हे रुग्णाने दहाव्या महिन्यात ठरवायचं असे.

भाडं कसं ठरतं? साधारण नियम असा: पहिले तीन महिने वस्तूच्या मंजूर किमतीच्या १० टक्के, आणि पुढचे दहा महिने साडेसात टक्के. हिशेब सोपा व्हावा म्हणून एखाद्या मशीनची मंजूर किंमत ६०० डॉलर धरू.

पहिले तीन महिने: दरमहा ६० डॉलर, एकूण १८०.
पुढचे दहा महिने: दरमहा ४५ डॉलर, एकूण ४५०.
सगळे मिळून ६३० डॉलर. यातला आपला २० टक्के वाटा १२६ डॉलर.

म्हणजे पहिले तीन महिने आपल्या खिशातून दरमहा १२ डॉलर जातात आणि नंतर ९ डॉलर, डिडक्टिबल वेगळा. तेरावा हप्ता गेला की मशीन आपलं. इलेक्ट्रिक व्हीलचेअरचा हप्ता वेगळ्या टक्क्यांनी ठरतो, म्हणजे सुरुवातीला १५ टक्के आणि नंतर ६ टक्के, पण महिने तेराच.

एक अट मात्र आहे. हे ८०-२० चं गणित मेडिकेअरमध्ये नोंदणी असलेल्या आणि मेडिकेअरची मंजूर रक्कम मान्य करणाऱ्या सप्लायरकडेच जमतं. "तुम्ही असाइनमेंट स्वीकारता का?" हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा.

सीपॅपला आणखी एक अट असते. पहिले १२ आठवडे चाचणीचे धरतात. या काळात मशीन खरंच वापरलं जातंय हे दिसावं लागतं: सलग ३० दिवसांत किमान ७० टक्के रात्री, रात्रीला चार तास किंवा जास्त. शिवाय ३१ व्या ते ९१ व्या दिवसादरम्यान डॉक्टरांना पुन्हा भेटून "फायदा होतोय" अशी नोंद करून घ्यावी लागते. अब्बा मास्क काढून कोपऱ्यात ठेवत असतील तर ती नोंद होणार नाही, भाडं बंद होईल आणि मशीन परत जाईल. तेरा महिन्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

सप्लायर बदलला तर?

समजा आठ महिने एका सप्लायरकडे झाले आणि मुलाची बदली झाली म्हणून अब्बा न्यू जर्सीहून टेक्सासला गेले. तिथे नवा सप्लायर आला. विमा मात्र तोच, ओरिजिनल मेडिकेअर. अशा वेळी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत नाही. नव्या सप्लायरला उरलेल्या पाच महिन्यांचंच भाडं मिळतं, आणि तेराव्या महिन्यात ज्याचं मशीन घरात असेल त्याने मालकी द्यायची असते. नुसता पत्ता बदलला तरीही मोजणी तशीच राहते.

पण इथे व्यवहारातली एक अडचण समजून घ्या. आठव्या, दहाव्या महिन्यानंतर नवा सप्लायर रुग्ण घ्यायला कुरकुर करतो. कारण उघड आहे. त्याने आपलं मशीन आणून द्यायचं, दोन-तीन महिन्यांचं भाडं घ्यायचं आणि मग मशीनच सोडून द्यायचं. नियम आपल्या बाजूने असला तरी तयार होणारा सप्लायर शोधावा लागतो. म्हणून घर बदलायचं असेल आणि दोनच महिने उरले असतील, तर जुन्या सप्लायरला आधी विचारा, "उरलेले महिने तुमच्याकडूनच चालू राहतील का?"

मधे खंड पडला तर? अम्मी तीन आठवडे हॉस्पिटलात होत्या, मशीन वापरलं नाही. एवढ्याने मोजणी मोडत नाही. ६० दिवसांपेक्षा कमी खंड असेल तर ती थांबली होती तिथूनच पुढे चालते. मशीनची गरजच संपली, मोठा खंड पडला आणि नंतर डॉक्टरांनी नव्याने गरज लिहून दिली, तरच नवे १३ महिने सुरू होतात.

मेडिगॅपची कंपनी बदलली तर? काही फरक पडत नाही. मेडिगॅप फक्त आपला २० टक्क्यांचा वाटा उचलतो. मूळ विमा ओरिजिनल मेडिकेअरच राहतो, म्हणून मोजणीही तीच.

विमा बदलला तर?

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच.

ओरिजिनल मेडिकेअरमध्ये बारा हप्ते भरले आणि तेरावा भरण्याआधी मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजमध्ये गेलात, तर ते बारा हप्ते नव्या प्लॅनमध्ये मोजले जात नाहीत. इतकंच नाही. अ‍ॅडव्हांटेजच्या बऱ्याच प्लॅनच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की, कितीही महिने हप्ते भरले तरी सभासदाला साधारणपणे मशीनची मालकी मिळणार नाही. काही प्लॅन काही वस्तूंची मालकी देतात, पण ते त्यांच्या अटींवर.

उलट दिशेलाही तोच नियम. अ‍ॅडव्हांटेजमध्ये दोन वर्षं हप्ते भरले, मालकी मिळाली नाही, आणि मग ओरिजिनल मेडिकेअरमध्ये परत आलात, तर पुन्हा १३ नवे सलग हप्ते. प्लॅनमध्ये असताना भरलेले धरले जात नाहीत. त्याआधी ओरिजिनलमध्ये भरलेले जुने हप्तेही धरले जात नाहीत.

एका अ‍ॅडव्हांटेज प्लॅनमधून दुसऱ्यात गेलात तर नव्या कंपनीची पुस्तिका काय म्हणते ते पाहावं लागतं. जुन्या कंपनीच्या महिन्यांशी तिला देणं-घेणं नसतं. जुना सप्लायर नव्या कंपनीच्या यादीत नसेल, तर तो मशीन घेऊन जातो आणि नवा सप्लायर दुसरं आणून देतो. दोघांच्या मधल्या रात्री अब्बांनी कसं झोपायचं, हा प्रश्न आधी सोडवून ठेवा. नवा विमा लागू व्हायच्या दिवसापर्यंत नवी परवानगी आणि नवं मशीन तयार असायला हवं.

ही पुस्तिका कुठली? तिला 'एव्हिडन्स ऑफ कव्हरेज' म्हणतात. प्रत्येक अ‍ॅडव्हांटेज कंपनीला ती द्यावीच लागते. जाड असते, कोणी वाचत नाही. पण साधारणपणे तिच्या तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी घरी वापरायच्या उपकरणांच्या मालकीचा वेगळा भाग असतो. तेवढी दोन पानं तरी वाचा.

आता वरच्या उदाहरणाकडे परत येऊ. अकरा हप्ते झाले होते. ६०० डॉलरच्या हिशेबाने अब्बांच्या खिशातून १०८ डॉलर गेले होते आणि फक्त १८ डॉलर उरले होते. दोन महिने थांबले असते तर मशीन त्यांचं झालं असतं. मग १ जानेवारीनंतर विमा कुठलाही असो, मशीनला कोणी हात लावू शकलं नसतं. कारण एकदा मालकी आली की पुढे विमा बदलल्याने ती जात नाही.

अर्थात, केवळ एका सीपॅपसाठी विम्याचा निर्णय घ्यावा असं नाही. डॉक्टर, औषधं, हॉस्पिटल, हप्ता, सगळं बघूनच ठरवायचं. पण बदल करताना "आमचा कितवा महिना चालू आहे?" हा आकडा समोर असू द्या. कधी कधी सप्लायर उरलेली रक्कम घेऊन मशीन विकायला तयार होतो. तो सौदा आहे, हक्क नव्हे. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

नोकरीचा विमा संपून मेडिकेअर सुरू झालं तर?

मुलाच्या किंवा स्वतःच्या नोकरीच्या विम्यातून मशीन आलं असेल तर पहिला प्रश्न असा: त्या विम्याने ते विकत घेतलं होतं की भाड्याने? खासगी विम्यात १३ चाच आकडा असेल असं नाही. कोणी दहा महिन्यांत मालकी देतं, कोणी पहिल्याच दिवशी खरेदी करतं, कोणी भाडंच चालू ठेवतं. जे करारात लिहिलंय ते खरं.

मालकी झालेली असेल तर मशीन आपलंच. मेडिकेअर सुरू झाल्यावर मास्क, नळ्या, फिल्टर असं सामान मेडिकेअरकडून मिळू शकतं. मालकी झालेली नसेल तर मेडिकेअरमध्ये नव्याने भाडं सुरू होतं. दोन्ही वेळा कागद लागतात. झोपेच्या तपासणीचा जुना अहवाल लागतो. आणि ओरिजिनल मेडिकेअर सुरू झाल्यानंतर डॉक्टरांना भेटून आजार आहे आणि मशीनचा वापर चालू आहे, अशी नोंद करून घ्यावी लागते. जुना अहवाल हरवला तर तपासणी पुन्हा करावी लागण्याची वेळ येते. तो कागद पासपोर्टसारखा जपा.

ऑक्सिजनचा नियम वेगळा

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला १३ महिन्यांचा नियम लावू नका. इथे मेडिकेअर ३६ महिने भाडं देतं. त्यानंतर भाडं थांबतं, पण मशीन आपलं होत नाही. ते सप्लायरचंच राहतं.

मग फायदा काय? ३६ महिन्यांनंतर, गरज आहे तोवर, पुढचे २४ महिने सप्लायरने मशीन, नळ्या, देखभाल हे सगळं भाडं न घेता पुरवायचं असतं. म्हणजे एकूण पाच वर्षं. "भाडं मिळत नाही, म्हणून उचलून नेतो," असं त्याला म्हणता येत नाही. छत्तिसाव्या महिन्यात जो सप्लायर होता, जबाबदारी त्याचीच. टाकीतला किंवा द्रवरूप ऑक्सिजन भरून आणायचा असेल तर त्याचे पैसे मेडिकेअर पुढेही देतं आणि आपला २० टक्के वाटा चालू राहतो. पाच वर्षं पूर्ण झाली की नवं मशीन मिळू शकतं आणि नव्या ३६ महिन्यांची मोजणी सुरू होते. त्या वेळी हवा तर सप्लायरही बदलता येतो.

२००५ च्या कायद्यात ३६ महिन्यांनंतर ऑक्सिजनच्या मशीनची मालकीही रुग्णाला द्यायची तरतूद होती. २००८ च्या कायद्याने ती काढून टाकली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबलेला कोणी "तीन वर्षांनी मशीन आपलं होतं" म्हणत असेल, तर तो चुकीचं सांगतोय.

विमा बदलला तर ऑक्सिजनलाही तोच फटका बसतो. अ‍ॅडव्हांटेज प्लॅन सोडला की त्या प्लॅनमधून आलेलं ऑक्सिजनचं मशीन परत करावं लागतं, आणि ओरिजिनल मेडिकेअरमध्ये ३६ महिन्यांची मोजणी पहिल्यापासून. म्हणजे बिनभाड्याच्या काळात आलेला माणूस पुन्हा २० टक्के वाटा भरू लागतो. ३० महिने झालेल्या माणसाने विमा बदलण्याआधी हे गणित नक्की करावं.

कुठली वस्तू कुठल्या गटात?

काठी, वॉकर, साखर तपासायचं यंत्र अशा स्वस्त किंवा नेहमी विकतच घेतल्या जाणाऱ्या वस्तू: भाडं की खरेदी, हे आपण ठरवायचं. सप्लायरने हा पर्याय सांगणं बंधनकारक आहे. भाड्याची एकूण रक्कम किमतीच्या वर जाऊ शकत नाही.

सीपॅप, बायपॅप, साधी व्हीलचेअर, हॉस्पिटलचा पलंग, नेब्युलायझर: १३ महिने भाडं, मग मालकी.

ऑक्सिजनची उपकरणं: ३६ महिने भाडं, अधिक २४ महिने बिनभाड्याचे, मालकी सप्लायरची.

व्हेंटिलेटर: सतत देखभाल लागणारं मशीन, म्हणून गरज असेपर्यंत भाडंच. मालकी कधीच नाही.

मास्क, नळ्या, फिल्टर: हे विकतच मिळतात, आपलेच असतात. मशीन परत करताना ते परत मागितले तर द्यायचं कारण नाही.

मालकी आली की जबाबदारीही आली

भाड्याच्या काळात मशीन बिघडलं तर दुरुस्ती सप्लायरने फुकट करायची किंवा बदलून द्यायचं. त्याचं वेगळं बिल आलं तर भरण्याआधी विचारा. मालकी आपली झाल्यावर मात्र दुरुस्तीच्या मंजूर खर्चातले २० टक्के आपण द्यायचे. साधारण पाच वर्षांनी मशीन जुनं झालं की बदलून मिळू शकतं. चोरी झाली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडलं तर त्याआधीही.

भाड्याचं मशीन कोणाला देता येत नाही. भारतात येताना अब्बा ते सोबत आणणार असतील तर सप्लायरला आधी कळवा. मेडिकेअर सहसा अमेरिकेबाहेरच्या खर्चाला पैसे देत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि घरात कोणाचा इंतकाल झाला तर त्या दुःखात मशीनचा विसर पडतो. भाड्याचं असेल तर सप्लायरला कळवून परत न्यायला सांगा आणि परत दिल्याची पावती घ्या. मालकीचं असेल तर ते घरच्यांचं आहे. कोणी न्यायला आलं तर आधी कागद मागा. मालकीचं मशीन गावाकडच्या नातेवाइकाला द्यायचं मनात असेल तरी एक सांगणं: प्रत्येकाला लागणारा हवेचा दाब वेगळा असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडाला ते मशीन लावू नका.

"मशीन परत करा" असा फोन आला तर

घाबरू नका, आणि फोनवर कार्डचा नंबर देऊ नका. एवढ्या गोष्टी करा.

१. मशीन घरी आल्याची तारीख आणि सही केलेला करार शोधा. नसेल तर सप्लायरकडून प्रत मागा.

२. बिलं पाहा. 'आरआर' अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती वस्तू भाड्याची, 'एनयू' असेल तर नवी विकत घेतलेली. 'केएच' म्हणजे पहिला महिना, 'केआय' म्हणजे दुसरा-तिसरा, 'केजे' म्हणजे चौथा ते तेरावा. ही अक्षरं ओळखता आली की कितवा हप्ता चालू आहे ते कळतं.

३. मेडिकेअरकडून येणाऱ्या खर्चाच्या पत्रकात मेडिकेअरने किती महिन्यांचं भाडं दिलं ते मोजा.

४. तेरा महिने पूर्ण झाले असतील तर सप्लायरकडून मालकी दिल्याचं पत्र लेखी मागा. तोंडी "हो हो, तुमचंच आहे" याला अर्थ नाही.

५. तेरा पूर्ण झाले नसतील आणि विमा बदलला असेल, तर सप्लायर परत मागू शकतो. पण नव्या विम्याकडून दुसरं मशीन येईपर्यंतची सोय काय, हे दोघांशी बोलून ठरवा. परत देताना मशीनचा नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती घ्या.

६. वाद मिटला नाही तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ या क्रमांकावर फोन करा. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची सल्ला सेवा आहे. ती फुकट असते आणि तिथले लोक कुठल्या कंपनीचे एजंट नसतात. इंग्रजी अडत असेल तर मेडिकेअरच्या फोनवर दुभाषी मागता येतो.

इथे, आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा बायपॅप भाड्याने घेतो तेव्हा व्यवहार आपल्यात आणि दुकानदारात असतो. विमा कंपनी सहसा मधे नसते. घरी वापरायच्या ऑक्सिजन सिलिंडरचा खर्च तर अनेक पॉलिसींमध्ये न मिळणाऱ्या बाबींच्या यादीतच असतो. त्यामुळे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली तरी मशीनच्या मालकीत फरक पडत नाही. ते दुकानदाराचं असतं, कितीही महिने भाडं भरलं तरी. भाड्यातून किंमत वळती व्हायची असेल तर ते आधी पावतीवर लिहून घ्यावं लागतं. अनामत किती, परत कधी, बिघाड झाला तर कोण बघणार, हेही त्याच पावतीवर. वर्षभर भाडं भरून नव्या मशीनएवढे पैसे जातात आणि हातात काहीच राहत नाही, असं होऊ शकतं. म्हणून मशीन किती महिने लागेल हे डॉक्टरांना विचारून, भाडं आणि खरेदी यांचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडा.

शेवटी

तिकडे राहणाऱ्या मुला-मुलींना एकच विनंती. येत्या ऑक्टोबरात प्लॅन बदलायला बसाल तेव्हा हप्त्याच्या आकड्याआधी अब्बा-अम्मींच्या खोलीत एक चक्कर मारा. तिथे कुठली मशीनं आहेत, ती कधी आली, कितवा महिना चालू आहे, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद समोर ठेवून एजंटशी बोला. आणि तुमचे आई-वडील, चाचा-चाची तिकडे असतील तर हा लेख त्यांच्या मुलांना पाठवा. दोन महिन्यांच्या घाईमुळे कोणाच्या उशाशी ठेवलेलं मशीन उचललं जाऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिलं आहे.